उशीतला कापूस

"रात्री झोपताना उशा किती घेता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

गादीवाल्याची कळी खुलली. इतका वेळ रक्तदाब, लघवी, धाप असल्या परक्या गोष्टींची चौकशी चालली होती. आता कुठे बाई त्याच्या धंद्यावर आल्या होत्या.

"चार," तो म्हणाला. "पण त्याला कारण आहे. माल खराब निघाला."

"कसला माल?"

"कापूस हो. आमचं गाद्यांचं दुकान आहे. खरेदी धाकट्या भावाकडे होती. त्यानं कुठूनतरी भिकार कापूस उचलला. उशीवर डोकं टेकलं की जीव घुसमटतो. एकदा उसवून, पुन्हा पिंजून भरली. मग खाली दुसरी घेतली, तिसरी घेतली. तरी तेच. हल्ली तर बसल्या बसल्याच डोळा लागला तर लागतो." एवढे बोलून त्याला थांबावे लागले. थोडा दम खाऊन त्याने उरलेले सांगितले. "म्हणून हाकलला त्याला दुकानातून."

"सख्ख्या भावाला," शेजारच्या स्टुलावरून बायको म्हणाली. "गिऱ्हाइकांसमोर. नाही नाही ते बोलले त्याला. माझी उशी त्याच कापसाची आहे, डॉक्टर. मला पडल्या पडल्या झोप लागते. पण ह्यांना सांगणार कोण?"

"तुला काय, तू दगडावरही घोरशील."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरले. "पाय जरा पुढे घ्या काका."

त्याने पँट वर ओढली. मोज्यांचे वळ घोट्यावर खोल रुतले होते. बाईंनी नडगीवर अंगठा दाबून धरला, मग उचलला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

गादीवाला वाकून बघू लागला. गिऱ्हाइकाला गादी दाखवताना तोही असाच अंगठा दाबायचा. नीट भरलेली गादी हात काढताच वर येते. हे काही वर येईना.

"हे पाणी आहे," बाई म्हणाल्या. "पायात आहे तसंच फुप्फुसातही साठलंय. तुमचं हृदय रक्त पुढे ढकलायला कमी पडतंय. मग ते मागे तुंबतं आणि त्यातलं पाणी जागा मिळेल तिथे उतरतं. ह्याला हार्ट फेल्युअर म्हणतात."

"फेल म्हणजे? बंद?" बायकोचा आवाज चिरकला.

"बंद पडलं असतं तर काका इथे भांडत बसले नसते. चालू आहे, पण जोर गेलाय. बरीच वर्षं रक्तदाब चढलेला होता ना? त्याच्याविरुद्ध रेटून रेटून दमलंय बिचारं. गोळ्या घेत होता का?"

"बरं वाटायला लागलं म्हणून सोडल्या," गादीवाला म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला. गोळ्या सोडू नका, हे ती आधी कितीदा बोलून चुकली होती.

गादीवाल्याचे मन मात्र अजून उशीतच अडकले होते. "पण पायातल्या पाण्याचा आणि उशीचा संबंध काय?"

"आडवं झालं की तेच पाणी वर छातीकडे यायला लागतं. फुप्फुसं आधीच भरलेली, म्हणून घुसमटतं. उठून बसलं की खाली उतरतं आणि मोकळं वाटतं. म्हणून तुमच्या उशा वाढत गेल्या."

"म्हणजे कापसात काही दोष नव्हता?"

"कापसातलं मला काय कळतं? पण उशी कुठलीही असती तरी तुम्ही घुसमटलाच असता."

बाई पुढे बरेच काही सांगत होत्या. आज घरी जाता येणार नाही. पाणी उतरवायची औषधं आत्ताच सुरू करू. गेलेला जोर थोडाफार परत येऊ शकतो, पण गोळ्या आता जन्मभर. मीठ कमी, पाणीसुद्धा बेतानं. बायको मान हलवून सगळे ऐकून घेत होती. गादीवाल्याच्या कानांवर ते पडत होते, एवढेच. भर दुकानात भावाचा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे होता. हृदयाचे ऐकून तो घाबरला होता, पण हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"धावपळीला घरचं कुणी आहे का?" बाईंनी विचारले.

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. "भावजींना कळवू का?"

"तो कशाला येतोय आता?"

"मी सांगते ना त्यांना."

"नको," तो म्हणाला. "तू नको. फोन दे इकडे."

बराच वेळ रिंग वाजली. मग धाकट्याने फोन उचलला. गादीवाल्याने घसा खाकरला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. थोरल्या भावांना ती नसतेच. त्यातून एका श्वासात मावतील एवढेच शब्द हाताशी होते.

"कापूस चांगला होता रे," तो म्हणाला.

आता धाकटा चार शब्द सुनावणार, आणि ते मुकाट ऐकून घ्यायचे, असे गादीवाल्याने मनाशी ठरवले.

"मग दादा," धाकट्याने विचारले, "तुला झोप का लागत नाही?"