एका सुताचाही फरक नाही

लिफ्ट बंद होती. त्यामुळे यंत्राची पेटी खांद्याला अडकवून मुलगी जिना चढत होती आणि तिच्यामागून उस्ताद तोंडाचा पट्टा चालवत चढत होते.

"माझ्या पट्ट्या पिशवीत मावतात. तुझ्या यंत्राला मेलं कडेवर घेऊन फिरावं लागतं."

"बाबा, दम लागेल. वर गेल्यावर बोला."

उस्ताद म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात दगडी ओटे बसवत आलेले. प्लायच्या पातळ पट्ट्या भिंतीलगत मांडायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, आणि तो फर्मा दगडावर ठेवून कापायचं, ही त्यांची रीत. मुलीने महिन्याच्या बोलीवर लेझरचं यंत्र आणलं होतं, आणि जोडीला प्लॉटर. यंत्र लाल ठिपका टाकत माप घ्यायचं, प्लॉटर त्या मापाचा अख्खा ओटा कागदावर काढून द्यायचा.

यावरून घरात जेवताना जुंपली, आणि शेवटी आईनेच निकाल दिला. पहिला ओटा एका सुताने जरी चुकला तर यंत्र परत, आणि मुलीने पुन्हा दुकानात बसून फोन उचलायचे. दोन वर्षं फोन उचलून तिचा जीव विटला होता.

"मापं तुझी," उस्तादांनी बजावलं होतं. "बाकी सगळं माझं."

गिऱ्हाईक दुकानात येऊन स्वतः दगड पसंत करून गेलं होतं. काळाभोर, मधून एक सोनेरी रेघ. तशी एकच लादी होती. "मी आठ दिवस बाहेरगावी आहे, पण बायको घरी असेल," ते गृहस्थ म्हणाले होते. "तिसरा मजला. लिफ्टमधून बाहेर आलात की डावीकडचं दार." उस्तादांनी लिहून घेतलं नाही. पत्ता लिहून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

तिसरा मजला आला. जिना बंद लिफ्टच्या बरोबर समोर उघडत होता. उस्ताद डावीकडे वळले आणि त्यांनी बेल दाबली.

दार उघडणाऱ्या बाईंच्या हातात लाटणं होतं.

"ओट्याचं माप घ्यायला आलोय," उस्ताद म्हणाले.

"अगं बाई! आलात एकदाचे? दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी!"

उस्तादांनी मुलीकडे पाहून डोळे मिचकावले. नवरे असेच असतात, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं.

जुना ओटा मधोमध तडकलेला होता आणि त्याखाली विटा लावल्या होत्या. मुलीने तिपाई मांडली. लाल ठिपका भिंतीवरून सरकू लागला.

"दगड कुठला बसवणार?" बाईंनी विचारलं.

"काळा. साहेबांनी स्वतः निवडलाय. उत्तम माल आहे."

"त्यांनी? स्वतः?" बाई मटकन खुर्चीवर बसल्या. "नळाचा वॉशर बदलायला सहा महिने लावले हो त्या माणसाने!"

"विचारा की त्यांना फोन करून."

"नको गं बाई! मन फिरलं तर? महिन्यातून एकदा तोंड दाखवतात तेवढं पुरे."

फिरतीची नोकरी दिसतेय, उस्तादांनी ताडलं. मग बाई चहा ठेवायला वळल्या तशा त्यांनी गुपचूप पिशवीतून पट्ट्या काढल्या आणि मागच्या भिंतीला लावल्या.

"बाबा!"

"सहज बघतोय गं."

दुकानात प्लॉटरचा कागद आणि उस्तादांचा फर्मा शेजारीशेजारी ठेवले. कोपऱ्यात दोन सुतांचा फरक निघाला. यंत्राच्या मते तिथे भिंतीला पोट होतं.

"चाळीस वर्षांत मला न दिसलेलं पोट ह्या डबड्याला दिसलं?"

"दिसलं," मुलगी म्हणाली. तिने मात्र कागदावरचे आकडे पुन्हा एकदा तपासले. लादी एकच होती, आणि कापलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.

"काप तुझ्या कागदाने," उस्ताद म्हणाले. "माझं काय जातंय? फोन तूच उचलशील."

आठव्या दिवशी चार माणसांनी तो दगड जिन्यावरून हाश्शहुश्श करत वर चढवला. बाईंनी स्वयंपाकघर रिकामं करून, पुसून ठेवलं होतं. जुना ओटा काढला, नवा उचलला आणि अलगद भिंतीकडे सरकवला.

तो बसला. कोपऱ्यात, मागे, सिंकच्या बाजूला, सगळीकडे बसला. मुलीने श्वास सोडला. उस्तादांनी खिशातून खेळायचा पत्ता काढला, चौकटचा गुलाम, आणि फट शोधत तो भिंतीलगत फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. पत्ता कुठेच शिरेना. दोन सूत चुकले होते ते त्यांच्याच फर्म्यात.

त्यांनी पत्ता खिशात ठेवला. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर टपली मारली.

"जिंकलीस. ठेव तुझं डबडं. लेक कोणाची आहे शेवटी!"

मुलीचे डोळे भरून आले. "रडतेस काय वेडे? कामात चूक म्हणून काढायला जागा नाही!" असं म्हणत त्यांनी स्वतःचेही डोळे पुसून घेतले, आणि दगडाची धूळ गेली म्हणाले.

बाई चहा घेऊन आल्या. नव्या ओट्यावरून हात फिरवताना त्यांना काय करू आणि काय नको असं झालं होतं.

"शेजारीपाजारी मला म्हणायचे, हा घरमालक तुम्हाला साधी फरशी बदलून देणार नाही. आणि बघा!"

उस्तादांचा कप ओठांशीच थांबला. "घरमालक?"

तेवढ्यात बेल वाजली. बाईंनी दार उघडलं. समोरच्या घरातले गृहस्थ उंबऱ्यात उभे होते, आणि उस्तादांना पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, उस्ताद, इथेही तुमचंच काम का? मी कालच परत आलो. हे आटोपलं की आमच्याकडेही जरा माप घ्यायला या ना. बायको म्हणते, आठ दिवसांत कोणी फिरकलंच नाही."