नावेवाली कॅसेट

"चोवीस तासांत तीनच कॅसेटा होतात, बाई," कोलू म्हणाला. "तुमची जुनी घेतली, तर पोरीची एक नवी कमी होते."

"होऊ दे," केसरबाई म्हणाल्या. "मले नावेवालीच पायजे."

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये रविवारची दुपार होती. भाड्याचा व्हीसीआर टेबलावर ठेवून कोलू तारा जोडत होता. केसरबाईंची दहा वर्षांची नात करुणा रुसून नाकातून बोलत होती. ज्यात रंग नाही, मारामारी नाही, असला सिनेमा कोण पाहते, असं तिचं म्हणणं.

"आजी, नवा लाव ना. त्यात विमान आहे."

"विमान घेऊन मी काय करू? माहीत असलेल्या गोष्टीत जीव रमते बाई माह्या."

"ही कॅसेट तर कोणी नेतच नाई," कोलू हसला. "दुकानात मीच एकटा तिची धूळ पुसतो."

सून आशाबाई मध्ये पडली. "करुणा, आजी उद्या चालली ना गावाले? मग एवढं ऐक तिचं."

उद्या जायचं की नाही, तेच तर अजून ठरलं नव्हतं. चैतात नवरा मुखरू वारला आणि मुल शहराच्या पलीकडच्या त्या गावात केसरबाई एकट्या उरल्या. मुलगा भैयाजी वीज केंद्रात नोकरीला. आई आता कायमची आपल्याकडे राहावी, असा त्याचा हट्ट. तिकडे बांधीतलं, भाताच्या खाचरातलं, धान कापणीला आलेलं. मुखरूच्या हातचं घर, मुखरूच्या हातची बांधी सोडून केसरबाईंना चार भिंतींच्या क्वार्टरमध्ये मरायचंसुद्धा नव्हतं. शेवटी भैयाजीनं तोड काढली होती.

"आठ दिवस राह्य. एकटी राहू शकते असं मले वाटलं, तर मीच तुले बसमधी बसवून देतो. नाई तर इथीच."

केसरबाईंनी ते आठ दिवस परीक्षेला बसल्यासारखे काढले. सगळ्यांच्या आधी उठून चहा ठेवला. पायलीभर तांदूळ निवडले, दाताखाली एक खडा आला नाही. शेजारची शकुबाई फाटक वाजवून आत आली, की तिनं तोंड उघडायच्या आत यांचा जयभीम तयार. सुईत दोरा ओवायचं काम तेवढं त्यांनी करुणावर टाकलं होतं. पण ते कोणती आजी स्वतः करते? म्हातारी ठणठणीत आहे, असं शकुबाईनं भैयाजीला दोनदा ऐकवलं, आणि ते केसरबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

कॅसेट लागली. कोलू निघून गेला. पहिल्या गाण्यालाच करुणा कंटाळून शकुबाईकडे पळाली. थोड्या वेळानं आशाबाईही उठली. स्वयंपाकघरातून वांगी भाजल्याचा वास येऊ लागला. बाहेर भैयाजी सायकलची चेन ठोकत बसला होता. खोलीत केसरबाई एकट्या राहिल्या आणि त्यांना बरं वाटलं.

नदी आली. पाण्यावर वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज, आणि मग ती काळी नाव दिसली, तिच्या टोकाशी बसलेला गालफडं बसलेला नावाडी दिसला. काठावर त्याची बायको. तिच्या लुगड्याला बारीक ठिपके होते. लग्न झालं त्या वर्षी मुलच्या यात्रेत तंबूत हाच सिनेमा आला होता. मुखरू तंबूचे दोर ताणायच्या कामावर होता, म्हणून दोघांना फुकट. सात खेळ पाहिले. सातव्या खेळाला मुखरूनं सगळ्यांदेखत तिचा हात धरला होता आणि ती लाजेनं अर्धी झाली होती.

आताही नाव हळूहळू सरकत होती. नावाडी नदीपलीकडच्या शहरात कमवायला निघाला होता. मध्येच तो वळून बघायचा, आणि वळलेला चेहरा मुखरूचाच असायचा. नदीसुद्धा गावाकडच्या अंधारी नदीसारखी झाली, काठाला मोहाची झाडं, पलीकडे पिवळं पडलेलं धान. केसरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. किती वर्षांनी असं पोटभर रडायला मिळालं होतं.

बाहेर ठोकाठोक थांबली. दारातून भैयाजीचा आवाज आला.

"आशा, आईच्या डब्याले भाकरी बांधजो. सकाळी सातच्या बसनं सोडून देतो तिले."

"मी म्हणतच होती," आशाबाई आतून म्हणाली. "आपल्यापेक्षा धड आहे ते."

केसरबाईंचा आनंद पोटात मावेना. जिंकलो आपण. परवा याच वेळी बांधावर उभं राहायचं, पायाखाली ओली माती, हातात धानाचं कणीस. भैयाजीची पावलं खोलीत आली, खाट करकरली, आणि त्यांना राहवेना.

"बस, भैया. बरा आला तू. आता खरी मजा आहे."

केसरबाईंनी टीव्हीकडे बोट केलं.

"पाह्य, कशी पाठमोरी उभी आहे ते. नाव परत येऊन राह्यली, पन तिले माहीतच नाई. पदर पाह्य कसा उडून राह्यला वाऱ्यानं. तुह्या बापाले हे लय आवडे. आता वळन. हां, वळली. केवढे डोळे भरून आले तिचे. अशा चेहऱ्याची बाई नव्या सिनेमात दाखव मले एक तरी."

सनई वाजू लागली. खाट पुन्हा करकरली. भैयाजी उठून जवळ आला, खाली बसला आणि त्यानं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता.

"आई," तो म्हणाला, "चित्र तर कवाचंच गेलं. आवाज तेवढा येऊन राह्यला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या आहेत."