निरोप

सासरच्या घराण्यातल्या ज्या आजाराने रुक्माबाईचा नवरा गेला, थोरला मुलगा गेला, त्याच आजाराने आता धाकट्या युवराजचे पाय बधिर व्हायला लागले होते. आरएनएवरच्या औषधांचं संशोधन करणारी तिची भाची संघमित्रा पुण्याहून सोनगीरला आली, तेव्हा मावशीने एवढंच विचारलं, "तुनं औषध काय करस?"

"शरीरात सारखे निरोप फिरत असतात, मावशी. हे बनव, ते बनव. तुमच्या घरात त्यातला एक चुकीचा निघतो. आमचं औषध त्याला वाटेतच अडवतं."

मावशीने उंबऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, "याच दारथून दोन जनस्ले निरोप दिधा मी. आते अडाव."

युवराज काठी टेकत जाऊन औषधाच्या चाचणीत दाखल झाला.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमा करून संघमित्रा परत निघाली, तर तिची बॅग घेऊन युवराज काठीशिवाय हायवेपर्यंत चालत आला.

"निरोप द्यायला एवढ्या लांब कशाला आलास रे?" ती रागावली.

मागून चालत आलेली मावशी म्हणाली, "येऊ दे त्याले. हाऊ निरोप नको अडावू."