पाच किलो अख्खं माल्ट

पोत्याचं तोंड सोडलं आणि बेव्हनने कपाळाला हात लावला. आतलं माल्ट अख्खं होतं. पाच किलो बार्ली, मोड आणून वाळवलेली, दाणा न् दाणा शाबूत.

“डग, हे भरडून नाही आणलंत?”

“भरडायचं असतं होय?” डग म्हणाला.

डग म्हणजे बेव्हनचा सासरा. खरं तर माजी सासरा. शोनाशी घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी टिमरूहून जेराल्डिन गावी यायचं आणि डगच्या शेडमध्ये बिअर लावायची, हा अकरा वर्षांचा शिरस्ता तेवढा मोडायचा राहून गेला होता. आज बेव्हन तो मोडायलाच आला होता. पुढच्या महिन्यात शोनाचं दुसरं लग्न होतं. नवा जावई येणार, आणि जुना शेडमध्ये बाटल्या धुतोय, हे काही बरं दिसत नाही असं त्याला वाटे. गाडीत त्याने वाक्य पाठ करून ठेवलं होतं : ‘डग, आता हे थांबवू या.’ फोनवर मात्र एवढंच म्हणाला होता, “शनिवारी येतो, थोडं बोलायचंय.”

अर्ध्या तासाचं काम, असं त्याने धरलं होतं. डब्याच्या बिअरला तेवढाच वेळ लागतो. डबा फोडायचा, काकवीसारखा पाक गरम पाण्यात ओतायचा, किलोभर साखर, वर गार पाणी, त्यावर यीस्ट भुरभुरायचं. झाकण लावता लावता सांगायचं आणि निघायचं. पण म्हातारबुवांना नेमका आजच डबा सोडून दाण्यापासून बिअर करायचा झटका आला होता. त्यात नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सामानाचं दुकान होतं टिमरूला, आणि ते शनिवारी उघडतच नसे.

“मिक्सरमधून काढू?” डगने विचारलं.

बेव्हनने मोबाइलवर शोधलं. “नको. पीठ होईल. पिठाचा चिखल होतो आणि गोड रस गाळून निघत नाही. नुसती भरड हवी. टरफल अख्खं राहिलं पाहिजे.”

डग घरात गेला आणि लाटणं, रिकामी वाइनची बाटली आणि दोन उशांचे अभ्रे घेऊन आला. अभ्र्यात दोन मुठी माल्ट घालायचं, ओट्यावर पसरायचं, वरून लाटणं दाबून फिरवायचं. एका खेपेला पाच मिनिटं. पाच किलोच्या खेपा किती, हे दोघांपैकी कुणीच मोजलं नाही.

पहिला तास बेव्हन मनातल्या मनात चरफडत होता. दुसऱ्या तासाला त्याने जॅकेट काढलं. समोरासमोर बसलेली दोन माणसं, हात गुंतलेले, नजर ओट्यावर. अशा वेळी तोंड आपोआप सुटतं. घटस्फोटानंतर चार महिने आपण घरात जेवलोच नाही, बंदरावर गाडी उभी करून काचा वर घेऊन फिश अँड चिप्स खायचो, हे त्याने सांगून टाकलं. आजवर हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

डगने भरड पातेल्यात ओतली. “तेव्हाही पहिल्या शनिवारी येत होतास की.”

“हो.”

“मग तेव्हा काही बोलला नाहीस?”

“अर्ध्या तासात काय बोलणार?”

डगने रिकामा अभ्रा झटकला. “पोरीचं आणि तुझं जमलं नाही. ते तुमचं तुम्ही. मी काही तुझ्याशी काडीमोड घेतला नव्हता, गाढवा.”

पाठ केलेलं वाक्य सांगायची ती वेळ नव्हती. मग पाणी सदुसष्ट अंशांवर आणून भरड जाळीच्या पडद्यात बांधून बुडवली, पातेलं जुन्या रजईत गुंडाळलं आणि दोघं तासभर बसून राहिले. नंतर ते जड, वाफाळतं गाठोडं दोघांनी मिळून उचललं, निथळलं, रस तासभर उकळला. गोडी मोजली, कारण गोडी जेवढी तेवढी बिअर कडक; ती कमीच भरली.

“डब्यापेक्षा पाणचट होणार,” बेव्हन म्हणाला.

“होऊ दे. कष्टाची तर आहे!”

निघायला संध्याकाळचे सहा वाजले. वाक्य तसंच राहिलं.

पुढच्या वेळी सांगायचंच, असं त्याने ठरवलं. आणि परत दिवस खर्ची पडायला नको म्हणून पहिल्या शनिवारच्या आधी, गुरुवारीच, तो स्वतः दुकानात गेला. काउंटरवर लिनेट होती.

“पाच किलो माल्ट दे, भरडून. जेराल्डिनला डगकडे न्यायचंय. मागच्या वेळी त्यांना अख्खंच दिलंस. लाटण्याने भरडत बसलो आम्ही, सबंध दुपार गेली.”

“मी दिलं?” लिनेट फणकारली. “अरे, दोनदा विचारलं मी. म्हटलं, यंत्र इथंच आहे, दोन मिनिटांत काढून देते. तर म्हणे, ‘नको बाई. जावई येणार आहे शनिवारी. त्याला काहीतरी बोलायचंय. अख्खंच दे.’”

लिनेटने पिशवी तराजूवरून उचलली आणि यंत्राचं बटण दाबायला हात पुढे केला.

“राहू दे,” तो म्हणाला. “अख्खंच दे. आणि पाच नको, दहा किलो दे.”