घरधन्याचा हार

"घरधन्यानं पुढं यावं," बुवा म्हणाले.

पूर्वरंग संपला होता. मध्यंतराला बुवांच्या कपाळी बुक्का लावून गळ्यात हार घालायचा मान ज्याच्या घरी कीर्तन असेल त्याचा. दिव्या तबक घेऊन उभी होती. तिचा नवरा नागेंद्र सदरा सारखा करत उठला. त्याच वेळी पहिल्या ओळीतल्या शामूअण्णांनी हातातले टाळ सतरंजीवर ठेवले, गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि त्यांनी तबकातला हार उचलला.

टाळ, मृदंग थांबले. पेटी तेवढी सूर धरून राहिली.

बेळगावच्या अनगोळातलं हे घर शामूअण्णांचं. होतं, म्हणायला पाहिजे. त्यांच्या मुलानं, युवराजनं, जवळच्या मच्छे गावात कारखाना काढला, त्यापायी घर बँकेकडं गहाण पडलं. कारखाना बसला आणि त्या धसक्यानं युवराजही गेला. घर लिलावात निघालं, ते नागेंद्रनं घेतलं. त्याचा धंदाच तो. लिलावातली मोडकळीला आलेली घरं घ्यायची, गळकं छप्पर उतरवून स्लॅब टाकायचा, नवी फरशी, नवा रंग, आणि चांगल्या भावानं विकून मोकळं व्हायचं. आजवर कुठलंही घर त्याच्या अंगावर पडलं नव्हतं. हे पडलं. गिऱ्हाईक यायचं, फरशीवरून हात फिरवायचं, स्वयंपाकघर बघून खूश व्हायचं. मग कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी त्याच्या कानात सांगायचं, भजनी माणसाला उठवून घेतलेलं घर आहे. गिऱ्हाईक पुन्हा फिरकायचं नाही. या घरासाठी नागेंद्रनं स्वतःचं राहतं घर अडकवलं होतं. बँकेची माणसं आता त्याच्याच दारात चपला काढायला लागली होती.

निपाणीचे नेमगोंडा तंबाखूचे व्यापारी. मुलं बेळगावात शिकत होती, म्हणून त्यांना घर हवं होतं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. घर आवडलं, पण कुणाचा तळतळाट घेऊन लेकरांना इथं ठेवणार नाही, म्हणाले. जुन्या मालकानं चारचौघांत तोंडानं बरं म्हणू दे, त्याच दिवशी विसार देतो.

तेव्हा दिव्याला कीर्तन सुचलं. अण्णांच्या घरी दर साल कीर्तन व्हायचं आणि अर्धं अनगोळ त्या सोप्यात मावायचं, हे तिनं शेजारणीकडून ऐकलं होतं.

अण्णा सुनेबरोबर, पूर्णिमाबरोबर, मच्छ्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. नागेंद्र शिव्या खायच्या तयारीनंच तिथं गेला. अण्णांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की नागेंद्रलाच कसंतरी झालं. बुवा कोण, पेटीला कोण, मांडव कुणाचा सांगायचा, प्रसादाला शिराच हवा आणि त्यात केळी चुरायची, सगळं त्यांनीच ठरवलं. पूर्णिमा मात्र त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आली. मामांस्नी तिकडं न्हेऊ नका, म्हणाली. का ते सांगितलं नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. राग असणार, नागेंद्रनं मनाशी म्हटलं. असायचाच.

आणि आता हार अण्णांच्या हातात होता.

नागेंद्रनं चोरून नेमगोंडांकडं पाहिलं. ते टक लावून बघत होते. हार मागून घ्यावा तर म्हाताऱ्याचा चारचौघांत अपमान. घालू द्यावा तर आपण या घराचे कोण? घाम पुसत तो एक पाऊल मागं सरला.

"घाला अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी बुवांच्या गळ्यात हार घातला, बुक्का लावला, पायांवर डोकं ठेवलं. कुणीतरी विठ्ठलाचा गजर उचलला आणि तो असा चढला, की नव्या रंगाच्या भिंती घुमल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

उत्तररंगात, स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी सोडून निघालेल्या राजाचं आख्यान झालं. बुवांनी उपरण्यानं डोळे पुसले, तसे नेमगोंडाही रुमाल शोधू लागले. आरती होताच ते अण्णांपुढं वाकून बसले. म्हणाले, "अण्णा, आम्ही हितं ऱ्हायला आलो तर तुमच्या मनात काय न्हाय न्हवं?"

"या की," अण्णा म्हणाले. "पोरंबाळं घेऊन या. घर लई मोठं हाय. सुखानं ऱ्हावा."

नेमगोंडांनी त्यांचे पाय धरले. जाता जाता नागेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून, उद्या वकिलाकडं या म्हणाले.

नागेंद्रचा जीव भांड्यात पडला. माणसं पांगू लागली. अण्णा उंबऱ्यात उभे राहून प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवत होते, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करत होते, कुणाला प्रसाद कमी घेतला म्हणून दटावत होते. पूर्णिमा रस्त्यापलीकडं रिक्षा थांबवून उभी होती. ती आत आलीच नाही. दिव्या भांडी गोळा करून बाहेर पडली.

शेवटी नागेंद्र एकटा उरला. माणूस एवढा मोठ्या मनाचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो भरल्या डोळ्यांनी अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याला उठवलं, कपाळी बुक्का लावला, उरलासुरला शिरा त्याच्या ओंजळीत घातला आणि त्याचा चेहरा नीट न्याहाळला.

"तुमी कुठलं म्हणायचं, पावनं? पुढल्या साली बी येत जावा. आता जपून जावा, मी दार लावून घेतो."