शेजारी माणसं राहतात

डेल्फिनला चर्चमधून परत आणताना तिच्या भावानं, लुशियसनं, गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. आत खड्डेच खड्डे होते.

"ताई, अजून ऐक माझं. माझ्याकडे राहायला चल. अठरा लाख वस्तीचं डेट्रॉईट साडेसहा लाखांवर आलं, आणि तू एकटी इथं कसली राखण करत बसलीस?"

"माझ्या घराची," डेल्फिन म्हणाली आणि उतरली.

एके काळी कारखान्याची पाळी सुटली की या गल्लीत गाडी लावायला जागा मिळायची नाही. आता दोनच घरं उभी होती, तिचं आणि शेजारचं प्रुइटांचं. प्रुइट मंडळी उन्हाळ्याआधीच अटलांटाला निघून गेली. रिकामं घर दिसलं की चोर आधी तांब्याचे पाइप उपटून नेतात, मग कुणीतरी काडी लावतं. ते पेटलं तर तिचं कसलं वाचतंय! म्हणून तिनं आपल्या खिडकीचे पडदे काढून तिकडे लावले. आपली खटारा गाडी त्यांच्या दारात उभी केली. कपडे त्यांच्या दोरीवर वाळत घातले. बसायची खुर्चीसुद्धा त्यांच्याच ओसरीवर नेली. सहा महिने म्हातारी जिवाच्या आकांतानं दुसऱ्याचं घर नांदतं ठेवत होती.

आज तिच्या स्वतःच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. दोन माणसं तिच्या दारातून पाइप ओढत बाहेर येत होती.

"ठेवा मेल्यांनो ते खाली!" ती किंचाळली. "बर्फ तोंडावर आलाय! पाण्याविना, उबेविना मरू का मी?"

त्यांतला उंच माणूस खरोखरच ओशाळला.

"तुम्ही राहता इथं? शपथ आजी, आम्हाला वाटलं ओसाड आहे. ना पडदा, ना गाडी." बोलता बोलता पाइप मात्र त्यानं टेम्पोत टाकलेच. "आम्ही राहत्या घरात शिरत नाही हो. ते शेजारचं बघा. तिथं माणसं राहतात. त्याला हात तरी लावला का?"

प्रुइटांच्या दोरीवर डेल्फिनचा निळा झगा हलत होता. सगळं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिनं टेम्पोकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मोठं कुटुंब आहे. येतीलच आता जेवायला."