राजकन्येचं गोंदण

राजकन्येच्या हातांवरचं गोंदण पुसून द्या, म्हणजे चित्र दर्शनी भिंतीवर लावू, असं प्रदर्शन लावणाऱ्या शिरीष सरांनी सांगितलं तेव्हा उल्का शिडीवर होती. ती खाली उतरली.

नवा रायपूरच्या त्या दालनात दुसऱ्या दिवसापासून प्रदर्शन होतं. अंतराळातल्या राज्यांवरच्या एका गाजलेल्या सिनेमालिकेला चित्रकारांनी नवं रूप द्यायचं होतं. अर्ध्या चित्रात उल्काने सम्राटाची पोलादी नगरी काढली होती, पट्टी लावून, बाहेरच्या मोकळ्या रस्त्यांसारखी सरळ. उरलेलं अर्धं चित्र रायपूरच्या पुरानी बस्तीत गोदना, म्हणजे गोंदण, काढणाऱ्या कलावतीचं. तिने रानाचा ग्रह काढला होता, सुईने टोचावा तसा, ठिपक्याठिपक्यांनी. मधोमध उभी होती यंत्रांनी वाढवलेली अनाथ राजकन्या. तिचे दोन्ही हात कलावतीने कोपरापर्यंत गोंदले होते.

सिनेमात तिचे हात कोरे आहेत, लोक हसतील, असं प्रदर्शनाच्या समितीचं म्हणणं होतं.

“काहून अडून बसली?” शिरीष सर हळूच म्हणाले. ते नागपूरचे, उल्काशी घरच्याच बोलीत बोलायचे. “दोन हात तर आहेत. रंग मार अन् मोकळी हो. एवढी भिंत कोणाले भेटते?”

भिंत खरंच मोठी होती. तीन वर्षं ऑफिसात माहितीपत्रकं सजवणाऱ्या उल्काचं नाव येणाऱ्या प्रत्येकाला दिसलं असतं. ब्रश हातातच होता.

कलावती खाली बसून रंगाच्या वाट्या धूत होती. उल्काने तिला सगळं हिंदीत सांगितलं. आपण नाही म्हणू या, एवढं मात्र तिला सांगता आलं नाही.

कलावती उठली. पदराला हात पुसून शिरीष सरांसमोर उभी राहिली. आमच्याकडे आई लग्नाआधी मुलीला गोंदवून घेते, तिने सांगितलं. सोनंनाणं इथंच राहतं. मेल्यावर सोबत जातं ते एवढंच. मग तिने राजकन्येकडे बोट केलं.

“एखर दाई नइ रिहिस, साहब. त मैं गोद देंव.” ती पुढे म्हणाली, “अउ गोदना नइ मिटय.”

तिला आई नव्हती, म्हणून मी गोंदलं. आणि गोंदण पुसलं जात नाही. शिरीष सरांना भाषांतराची गरज पडली नाही. तरी त्यांनी उल्काकडे पाहिलं.

“मी नाही पुसणार, सर,” उल्का म्हणाली.

भिंतीवर दुसऱ्याचं चित्र लागलं. संध्याकाळी दोघी आपलं चित्र घेऊन तेलीबांध्याच्या बसमध्ये चढल्या. ओरखडे पडू नयेत म्हणून उल्काने ते तोंड आत करून उभं केलं. कलावतीने ते परत फिरवलं. जागा रिकामी होती, पण ती बसली नाही. चित्र दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. ऑफिसं सुटली होती. चढणारा प्रत्येक जण आधी राजकन्येकडे बघत होता.

समोरच्या सीटवरच्या म्हातारीने ते हात वाकून नीट पाहिले. पोरगी कोणाची, असं तिने विचारलं.

कलावतीने उल्काकडे पाहिलं.

“हमर,” ती म्हणाली.